सातासमुद्रापलीकडची सून चालते, वेशीबाहेरची का नाही?

वाळवा तालुक्यातल्या एका गावात दोन वर्षांपूर्वी एक लग्न झालं. गावचा पोरगा जर्मनीत नोकरीला, नवरी तिकडचीच. गोरी, उंच, नऊवारीत, नाकात नथ. गावानं तिची ट्रॅक्टरमधून वरात काढली. सरपंचापासून पतसंस्थेच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी तिच्याबरोबर सेल्फी काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'सातासमुद्रापलीकडची सून'. तुम्हीही अशी बातमी वर्षातून चार वेळा वाचता. यूट्यूबवाला तिच्यापुढं माईक धरून विचारत होता, इंडिया कसा वाटला? ती म्हणाली, माणसं फार प्रेमळ आहेत, पुरणपोळी फार आवडली.

त्या वरातीत आमच्या ओळखीचा एक पोरगा हलगी वाजवत होता. मांगवाड्यातला. त्यानं सांगितलेली एक गोष्ट पेपरात आली नाही. जेवणाच्या वेळी हलगीवाली पोरं मांडवाच्या मागं, पाण्याच्या टँकरजवळ खाली बसली होती. नवरीनं ते पाहिलं आणि नवऱ्याला काहीतरी विचारलं. तो हसून काहीतरी बोलला आणि तिला घेऊन पुढं गेला. "काय म्हणाला असंल?" त्या पोरानं मला विचारलं. मी काय सांगणार? 'बँडवाले आहेत, ते नंतर जेवतात' असंच काहीतरी सांगितलं असणार. परदेशातून आलेल्या बाईला जे पहिल्या दिवशी दिसलं ते गावाला जन्मभर दिसत नाही. आणि दिसलं की त्याचं भाषांतर करून द्यायला आपली शिकलेली पोरं तयारच असतात.

आता त्याच गावातलं दुसरं लग्न सांगतो. त्याची वरात निघाली नाही. पोरगा आमच्या बौद्धवाड्यातला, डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागलेला. पोरगी गावातली, मराठा घरातली. दोघांनी बाहेर जाऊन लग्न केलं. पोरीच्या घरच्यांनी ती 'मेली' असं जाहीर केलं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण तिच्या भावाच्या हातातही मोबाईल आहे.

लग्नानंतर आठ महिने दोघं गावाकडं फिरकली नाहीत. मग पोराची आई आजारी पडली आणि ती पहिल्यांदा बौद्धवाड्यात आली. तिच्या माहेरच्या घरापासून आमचा वाडा किती लांब? मोजून चारशे पावलं. बावीस वर्षं ती त्या गावात राहिली, त्याच एसटी थांब्यावरून कॉलेजला गेली, आणि या चारशे पावलांच्या पलीकडं तिनं कधी पाय ठेवला नव्हता. यंदाच्या भीमजयंतीला तिच्याशी सविस्तर बोलणं झालं. परदेशात लग्न करून गेलेल्या बायका पहिल्या दिवसांविषयी सांगतात ना, थंडी किती, रस्ते कसे सामसूम, शेजारी कसे बोलत नाहीत? थायलंडमधून युरोपात गेलेल्या बायकांचे असे व्हिडिओ आपली पोरं चवीनं बघतात. ही पोरगी तशाच सुरात सांगत होती, फक्त तिचा परदेश वेशीच्या बाहेर होता.

ती म्हणाली, पहिल्यांदा बायका बघायला जमल्या. त्या गोऱ्या सुनेला बघायला गाव जमलं होतं, तशाच. मग तिनं सासूला पाहिलं आणि तिचे पायच गळाले. ही बाई तर आपल्या उसात भांगलणीला यायची! लहानपणापासून ती हिला नावानं, एकेरीत हाक मारत आलेली. घरात सगळेच तसं बोलायचे, त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही. आता त्याच बाईला 'आई' म्हणायचं. "दोन दिवस मी हाकच मारली नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायचे," ती म्हणाली. सासू अंथरुणावरून उठून विचारत होती, "पोरी, तुला आमच्यातलं चालंल का? न्हाईतर येगळी चूल मांडून देते." चहा आला. कप हातात घेतला तेव्हा तिला माहेरच्या गोठ्यातला वळचणीला उपडा ठेवलेला कप आठवला. तो कुणासाठी होता हे तिला माहीत होतं. पण 'माहीत असणं' वेगळं आणि त्या कपातून प्यायलेली बाई आपल्याला स्वच्छ कपबशीतून चहा देते हे बघणं वेगळं.

आणखी काय काय दिसलं तिला. पाण्याची टाकी गावाच्या वरच्या अंगाला, त्यामुळं नळाचं पाणी आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात आधी जातं. माहेरी तिनं कधी घड्याळ लावून पाणी भरलं नव्हतं. 'तिकडं रोज भांडणं' असं घरात ऐकलेलं. त्या आठवड्यात एक भांडण झालं खरं, पण "आमच्या गल्लीत व्हायचं तसंच, तेवढ्याच शिव्या," हे तिनंच हसत सांगितलं. 'त्या लोकांना सगळं फुकट' असंही ऐकलेलं. सोमवारी फायनान्सवाला हप्त्याला दारात येऊन बसला तेव्हा फुकट काय आहे ते कळलं. घरात बाबासाहेबांचा फोटो असणार हे तिला माहीत होतं, पण फोटोखाली खंडांची रांग असेल आणि दहावी नापास सासऱ्यानं त्यांतल्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या असतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी पुस्तक म्हणजे पंचांग आणि साखर कारखान्याचा अहवाल.

मित्रांनो, सांगली-साताऱ्याला परदेशी सुनेचा एक फार मोठा इतिहास आहे, आणि तो ट्रॅक्टरच्या वरातीचा नाही. कासेगाव हे याच वाळवा तालुक्यातलं, पुणे-बंगळूर महामार्गालगतचं गाव. १९४१ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट त्या गावच्या सून झाल्या. १९७० च्या सुरुवातीला त्या संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. विषय कोणता निवडला? ताजमहाल नाही, योग नाही, वेदान्त नाही. १८७३ ते १९३० मधली ब्राह्मणेतर चळवळ! विद्यापीठांतले आपले नामवंत इतिहासकार तोवर राष्ट्रीय चळवळ म्हणजे काँग्रेस आणि समाजसुधारणा म्हणजे पुण्यातली सदाशिव पेठ एवढंच शिकवत होते. सत्यशोधकांचे जलसे, शेतकऱ्यांचे कुळकायद्याआधीचे लढे, फुल्यांची परंपरा यांच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. त्यावर गेलताईंनी १९७३ साली बर्कलेला डॉक्टरेट मिळवली. १९७६ मध्ये त्यांनी भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. अमेरिकेचा पासपोर्ट मिळावा म्हणून लोक काय काय करतात ते आपण बघतोच. या बाईनं तो सोडला. २५ ऑगस्ट २०२१ ला त्या गेल्या, कासेगावातच.

त्या गेल्या तेव्हा आलेले लेख मी जपून ठेवलेत. त्यांतल्या अर्ध्या लेखांत एक शब्द आहे, 'असूनही'. अमेरिकन असूनही साडी नेसायच्या, अमेरिकन असूनही भाकरी खायच्या, अमेरिकन असूनही मराठी बोलायच्या. मला या 'असूनही'चा राग येतो. गेलताईंचं मोठेपण भाकरीत नव्हतं. त्यांनी दलित चळवळ, शेतकरी चळवळ आणि स्त्रियांची चळवळ एका चौकटीत मांडली, बुद्ध ते कबीर-रविदास ते फुले-आंबेडकर अशी जातिअंताची सलग परंपरा उभी केली, आणि हे घरात बसून नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात पाण्याच्या लढ्यात, श्रमिक मुक्ती दलाच्या मोर्चात, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या हक्कासाठी स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीत त्या होत्या. त्या अमेरिकन असूनही हे दिसलं असं नाही. बाहेरून आल्या म्हणून जे दिसलं त्याकडं त्यांनी पाठ फिरवली नाही, असं आहे. हलगीवाल्या पोरांकडं बोट दाखवून त्यांनी प्रश्न विचारला आणि नवऱ्यानं हसून पुढं नेलं नाही. कारण ते घरच तसलं होतं. सासू इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या. गेलताईंचं स्वागत करायला त्या घराला जातीची वही उघडावी लागली नाही.

पण म्हणून सांगली-सातारा पुरोगामी आहे असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना मला थांबवायचंय. ऐकून ऐकून कान किटले. सत्यशोधकांचा जिल्हा! प्रतिसरकारचा जिल्हा! कर्मवीरांचा जिल्हा! खरं आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या काळात ही क्रांतीच. नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं बिनखर्चाची 'गांधी लग्नं' लावली. सावकार, हुंडा, कर्ज यांच्यावर तो घाव होता. पण रोटी एक झाली तरी बेटी कुठं झाली? लग्न साधं झालं, पण त्या पत्रिकेवरच्या दोन्ही आडनावांची जात बहुतेक एकच राहिली. शंभर वर्षांनंतरही देशात जातीबाहेरची लग्नं पाच टक्क्यांच्या आसपासच आहेत, असं मोठमोठी सर्वेक्षणं सांगतात. आणि त्या पाचांत उच्च आणि मध्यम जातींतल्या आपसातल्या लग्नांनाही धरलंय. वेशीबाहेरचं लग्न त्यातलं किती, ते तुम्ही आपापल्या गावात मोजा. हाताची बोटं पुरतील.

जात म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला ज्यानं सांगितलं तो पोरगा साताऱ्याच्या शाळेत शिकला होता. ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेच्या रजिस्टरात ज्याचं नाव लागलं, तो भीवा. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके, बोलणं चांगलं, स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करत होता. जात कळली आणि तो पाच पावलं मागं सरला. गाडीवान दुप्पट भाड्यावरच तयार झाला, तेही पोरांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. आपल्याच जिल्ह्यातला हा रस्ता, आजही मसूर स्टेशनवर उतरून जाता येतो. बारा वर्षांनी, १९१३ ला, तोच मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला. तिथं कोणी मागं सरलं नाही. परदेशात आपल्याला अस्पृश्य असल्याचा विसरच पडला होता, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. १९१७ ला बडोद्यात उतरले आणि राहायला खोली मिळेना तेव्हा सगळं आठवलं.

पण न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी नुसती मोकळी हवा घेतली नाही. ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबियात जातीवर निबंध वाचला. त्याचं सार काय? जातीचा प्राण सोवळ्यात नाही, धंद्यात नाही, तो लग्नात आहे. जातीतल्या जातीत लग्न, हीच जात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी त्या एका कुंपणाची राखण. आणि कुंपण राखायचं तर पहिला पहारा बसतो तो बाईवर. वीस वर्षांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी उपायही तोच सांगितला, आंतरजातीय लग्न. म्हणून गावकरी पंगतीला बोलावतात, जयंतीला हार घालतात, निवडणुकीत मिठी मारतात, पण पोरीचा विषय निघाला की कोयता काढतात. सोनई, २०१३. खर्डा, २०१४. ही नावं तुम्हाला पाठ आहेत. ही नगर जिल्ह्यातली म्हणून आपल्याकडं तसं नाही असं समजू नका. आपल्याकडं रक्त कमी सांडतं, कारण आपल्याकडची पोरं आधीच पळून जातात.

मग जर्मनीची सून का चालते? तिनं कुंपण मोडलं नाही का? मोडलं. पण कुंपण उंचीचं असतं. गोरी बाई जातीच्या उतरंडीबाहेर नाही, गावाच्या डोक्यात ती उतरंडीच्या वर आहे. तिच्यामुळं घराचा भाव वाढतो. हीच सून नायजेरियाची असती तर ट्रॅक्टर निघाला असता? थायलंडची असती तर? मी सांगतो, पारावर बसलेली पोरं मोबाईलमध्ये बघून 'तिकडच्या बायका' म्हणून काय काय बोलली असती ते. आणि गंमत बघा, थायलंडची बाई बहुधा बौद्ध असते. म्हणजे समुद्रापलीकडची बौद्ध सून कदाचित कुजबुज करत का होईना घरात घेतली जाईल. गावातली बौद्ध सून नाही. यात धर्माचा प्रश्न नाही, हे यावरून तरी कळावं.

अमेरिकेत गेल्यावर हे सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनीही जरा थांबावं. सिअ‍ॅटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो काय तिथल्या गोऱ्यांच्या जातींसाठी? कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि गव्हर्नरनं त्याच वर्षी ते परत पाठवलं. त्याला विरोध करायला कोण उभं होतं? आपलेच देशी लोक. आमच्या काही पोरी नवऱ्याबरोबर तिकडं गेल्यात. त्या सांगतात, बर्फाची सवय महिन्यात होते, पण मराठी बायकांच्या पहिल्याच हळदीकुंकवात 'तुमचं मूळ गाव कुठलं, आडनाव काय' हे ऐकलं की परत वाळवा तालुक्यात आल्यासारखं वाटतं.

आता आपल्या घरात बघू. हे लिहिताना मला कुणी 'समाजाची बदनामी' म्हणणार असेल तर म्हणो. ती पोरगी वाड्यात आली तेव्हा तिच्या सासूच्या भावानंच तोंड फिरवलं. "आपल्यातल्या पोरी काय मेल्या व्हत्या का?" हे वाक्य त्यानं निळ्या टोपीखालून म्हटलं. आपल्या वधूवर मेळाव्यांचे फॉर्म बघा. 'धर्म : बौद्ध' लिहून झालं की खाली कंसात पूर्वाश्रमीची जात असतेच. मांगवाड्यातली पोरगी, चांभाराची पोरगी, वडाराची पोरगी सून म्हणून आणायची म्हटलं की आपल्या म्हाताऱ्या काय म्हणतात ते मला नका सांगायला लावू. ज्या हलगीवाल्या पोराची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्याच्या बहिणीला आमच्या वाड्यातल्या एका शिक्षकाच्या पोराचं स्थळ सुचवलं होतं. शिक्षक बाबासाहेबांवर तासभर भाषण करतात. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ ला सारस्वत घरातल्या डॉ. शारदा कबीरांशी लग्न केलं, तेव्हाही नाकं मुरडणारे आपल्यात होतेच. माईंना पुढं काय सोसावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना माझं म्हणणं आहे की जयंतीच्या डीजेचं बजेट मांडताना एक रकाना वेगळा ठेवा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती ऑफिसच्या भिंतीवर लागते. पोरीच्या भावाला शोधायला तेवढं पुरतं. ते तीस दिवस त्या दोघांना कुठं ठेवायचं, वकील कोण, पोलीस ठाण्यात बरोबर कोण जाणार, हे ठरलेलं आहे का तुमच्या तालुक्यात? आंतरजातीय विवाहाचं पन्नास हजारांचं सरकारी अनुदान आहे. त्याचा अर्ज समाजकल्याणला जातो आणि तिथं फेऱ्या मारून पोरं कंटाळतात. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो किती ठाणेदारांनी वाचलाय हे विचारून बघा. पोरा-पोरींनी लग्न करून यायचं आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर 'क्रांतिकारी जय भीम' टाकून मोकळं व्हायचं, याला चळवळ म्हणत नाहीत.

त्या पोरीशी बोलताना मी शेवटी विचारलं, माहेरची आठवण येते का? आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकींचा सण. लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीही पंचमीला माहेरी येतात, झोके बांधतात. जर्मनीची सून गेल्या वर्षी पंचमीला खास विमानानं आली होती, नणंदांबरोबर फुगड्या खेळली, त्याचाही व्हिडिओ निघाला. ही मात्र दोन पंचम्या चारशे पावलांवरून माहेरच्या लिंबाला बांधलेला झोका बघत बसली. मग पंचमीच्या आदल्या दिवशी वाड्यात कासारीण आली. तिनं टोपली खाली ठेवली, हिचा हात धरला आणि हिरव्या बांगड्या चढवायला लागली. ही म्हणाली, "मावशी, माझ्याकडं आत्ता पैसे न्हाईत."

"पैसे मिळालेत," कासारीण म्हणाली. "वरच्या आळीतनं. कुणी दिलेत ते इचारू नगंस म्हणल्यात."